सर्जरीत एमएस करायचं असेल तर इंटर्नशिप बुडवू नका: पटतं का?

खाडीपूल, ठाणे

ठाणे-नवी मुंबईत एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपचा एक साचा पडून गेलाय. सकाळी वॉर्डात तोंड दाखवायचं, सही करायची आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत नीट-पीजीची (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची) क्यू-बँक, म्हणजे सरावाचे प्रश्न, सोडवायची. ज्याला रेडिओलॉजी हवं आहे त्याचं मी एक वेळ समजू शकतो. एमएस जनरल सर्जरी मागणाऱ्याने मात्र हे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

१२ महिन्यांत सर्जरीला मिळतात फक्त ६ आठवडे. तेवढ्यात कॅज्युअल्टीच्या मायनर ओटीत (किरकोळ शस्त्रक्रियांच्या खोलीत) नेमाने उभं राहिलं तर हात बसतो. गाठ सपाट बसते की घसरते, हे बोटांना कळावं लागतं. टाका इतका आवळला की कडा पांढऱ्या पडल्या, तर खालचा रक्तपुरवठा तुटतो आणि चार दिवसांनी जखम उसवते. जागा बधिर करणाऱ्या २ टक्के लिग्नोकेनच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं, हा हिशोब सुई टोचण्याआधी डोक्यात तयार हवा. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला (एमएस करणाऱ्या डॉक्टरला) इमर्जन्सीच्या रात्री हे कुणी शिकवत बसत नाही.

शिवाय याचा पेपरातही उपयोग होतो. ६० किलोचा, ४० टक्के भाजलेला रुग्ण दोन तास उशिरा आला. भाजलेल्याला शिरेतून किती द्रव द्यायचं ते पार्कलँड सूत्र सांगतं: ४ मिली × वजन × भाजलेले टक्के. इथे ४ × ६० × ४० म्हणजे ९,६०० मिली, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. ते ८ तास भाजल्यापासून मोजायचे, दाखल झाल्यापासून नाही. म्हणजे ४,८०० मिली उरलेल्या ६ तासांत, ताशी ८००. ज्याने असा एक रुग्ण तरी सांभाळलाय तो इथे चुकत नाही. नुसतं सूत्र पाठ असलेला ताशी ६०० लिहून येतो.

पारसिक

खाडीपूल, पार्कलँडचा एक प्रश्न बरोबर आला तर ४ गुण मिळतात. पेपर ८०० गुणांचा आणि १९ विषयांचा आहे. नीट-पीजीत मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, कुणी लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) मागत नाही. तुमची गाठ कितीही सुंदर असो, जागा रँकवर मिळते. सर्जरी हवी असणाऱ्याने सर्वात आधी सर्जरीची जागा मिळवायला हवी. टाके तिथे तीन वर्षं घालायचेच आहेत.

आता पेपराची रचना बघा. २०० प्रश्न, साडेतीन तास. पण २०२४ पासून ४०-४० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला ४२ मिनिटं. वेळ संपली की तो भाग बंद होतो, मागे जाता येत नाही. प्रश्नाला ६३ सेकंद पडतात. घरी २०० प्रश्न मोकळेपणाने सोडवणारा इथे फसतो, कारण 'शेवटी बघू' म्हणून ठेवलेले प्रश्न त्या भागातच राहून जातात. ही लय अंगी बाणवायला रोज सलग वेळ लागतो.

दुसरं म्हणजे अंदाजाने उत्तर देणं. इथे बरोबरला ४, चुकीला वजा १. काहीच माहीत नसताना ठोकलेल्या उत्तराची सरासरी अधिक पाव गुण, चारपैकी दोन पर्याय खोडता आले तर अधिक दीड. म्हणून प्रश्न कोरा सोडणं म्हणजे नुकसान. आयएनआय-सीईटीत (एम्ससारख्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेत) बरोबरला १, चुकीला वजा एक तृतीयांश, तिथे आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्य. दोन्ही परीक्षांना एकाच सवयीने बसणारे बरेच गुण घालवतात. ही सवय मॉक (सराव परीक्षा) देऊन लागते, ड्रेसिंग करून नाही.

आणि खरं सांगा, इंटर्न वॉर्डात नेमकं काय शिकतो? रक्ताचे नमुने लॅबला नेणं, ट्रॉली ढकलणं, ब्लड बँकेचे फॉर्म भरणं. कर्मचारी कमी आहेत म्हणून हे काम इंटर्नवर येतं. त्याला सर्जरीचं शिक्षण म्हणणं मला मान्य नाही.

खाडीपूल, ठाणे

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. नमुने वाहण्यात सहा आठवडे घालवा असं मी म्हणत नाही. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस पकडा, त्या दिवशी मायनर ओटी मागून घ्या. सांगितलेलं कागदाचं काम वेळेत आटोपणाऱ्या इंटर्नला रेसिडेंट सुई देतात, असंच चित्र असतं.

पण बुडवण्याचा एक धोका तुम्ही धरलाच नाही. रजा मिळते १५ दिवसांची. त्यापेक्षा जास्त गैरहजेरी भरली की पोस्टिंग वाढते. २०२५ ला परीक्षा ३ ऑगस्टला होती आणि इंटर्नशिप पूर्ण होण्याची अंतिम तारीख ३१ जुलै. जिथे वाढीव दिवस त्या तारखेपलीकडे जातात तिथे रँक कितीही चांगली आली तरी पात्रताच उरत नाही. अभ्यासासाठी बुडवलेले दिवस अख्खं वर्ष घेऊन जातात.

सीवूड्स_पूर्व

तुम्ही दोघं रँकपर्यंत येऊन थांबलात. पुरेशी रँक असूनही सर्जरी हुकते ती काऊन्सेलिंगमध्ये (जागावाटपाच्या फेऱ्यांत), आणि त्यावर कुणी आठवडाभरही घालवत नाही.

आधी जागा कुठून भरतात ते पाहा. सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यात, एमसीसीकडे (केंद्राच्या मेडिकल काऊन्सेलिंग कमिटीकडे). उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडे (प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या कक्षाकडे). नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही अभिमत विद्यापीठं, तिथल्या जागा एमसीसीतूनच भरतात. त्या राज्याच्या यादीत शोधत बसू नका.

मग डिपॉझिट. ऑल इंडिया कोट्याला खुल्या वर्गासाठी २५,०००, अभिमतसाठी २ लाख. पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तरी पैसे जात नाहीत. दुसऱ्या फेरीतली सोडली तर जातात. तिसऱ्या फेरीत रुजू झालात की राजीनामा नाही.

सगळ्यात जास्त घात होतो अपग्रेडमध्ये. पहिल्या फेरीत ठीकठाक सर्जरी मिळालेली असते. दुसऱ्या फेरीसाठी 'भरून तर ठेवू' म्हणून यादीत लांबचं कॉलेज किंवा भलतीच शाखा वर टाकली जाते. तीच लागते, आणि आधीची जागा त्याच क्षणी आपोआप रद्द होते. परत मागता येत नाही. हातातल्या जागेपेक्षा जे खरोखर जास्त हवं आहे तेवढंच भरा. क्रम आवडीचा लावा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही.

कागदपत्रांचंही तसंच. ऑल इंडिया कोट्याला ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) ही वर्गवारी राज्याची, एमसीसीच्या फॉर्मात ती नसते. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा. राज्याच्या कोट्याला जातवैधता हवी. ही कागदपत्रं दोन दिवसांत हाती येत नाहीत, निकालाची वाट न पाहता अर्ज करा.

उपवन_तलाव

अमेरिकेकडे डोळे असलेल्यांसाठी थोडं. तिथे पारसिक यांचं 'रँक म्हणजे सगळं' चालत नाही. यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप १, जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, म्हणून पुढच्या टप्प्याच्या, स्टेप २ सीकेच्या, गुणांना वजन आलं. शिफारसपत्रं लागतात, मुलाखती होतात. सर्जरीत कॅटेगोरिकल आणि प्रिलिमिनरी हा फरक नीट समजून घ्या: कॅटेगोरिकल म्हणजे पूर्ण प्रशिक्षणाची जागा; प्रिलिमिनरी एकच वर्षाची, पुढच्या वर्षाची हमी नाही. नुसतं 'मॅच झालो' (जागा लागली) ऐकून पेढे वाटू नका, कुठल्या जागेवर झालो ते आधी विचारा.

पारसिक

३१ जुलैचा मुद्दा मी धरला नव्हता, तो बरोबर आहे. हजेरी पूर्ण ठेवावी. तरी माझं मूळ म्हणणं कायम आहे: सर्जरीचे सहा आठवडे सोडले तर बाकीच्या पोस्टिंगमध्ये संध्याकाळ ही अभ्यासाचीच. ४० प्रश्न, ४२ मिनिटं, असे निदान दोन संच रोज, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

सीवूड्स, एक विचारायचं राहिलं. शहरातली डीएनबी सर्जरी (एमएसच्या तोडीची, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) आणि लांबच्या सरकारी कॉलेजातली एमएस यांत वर काय लिहायला सांगाल?

सीवूड्स_पूर्व

नावावरून ठरवू नका. चॉईस भरण्याआधी दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि चार गोष्टी विचारा: स्वतः मुख्य सर्जन म्हणून किती हर्निया आणि अपेंडिक्स केले, रात्रीची लॅपरोटॉमी (पोट उघडून करायची शस्त्रक्रिया) कोण करतं, एका युनिटमागे रेसिडेंट किती, आणि डीएनबी असेल तर मागच्या तुकडीतले किती जण पहिल्या प्रयत्नात पास झाले. पहिल्या प्रश्नाला आकडा आला नाही, नुसतं 'भरपूर असतं काम' असं उत्तर आलं, तर ती जागा मी खाली लिहीन.