मदत हवी आहे: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ओयू गावाप्रमाणे करायचे की खात्याप्रमाणे?

नमस्कार मंडळी. (नव्यांसाठी: ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे विंडोज नेटवर्कमधली युजर आणि कॉम्प्युटरची नोंदवही, ओयू म्हणजे तिच्यातले कप्पे.) आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस पणजीला, कारखाना वेर्ण्याला आणि गोदाम फोंड्याला. डोमेन, म्हणजे एकत्र सांभाळलेलं नेटवर्क, एकच. आधीच्या माणसाने सगळे युजर आणि कॉम्प्युटर मूळच्या 'युजर्स' आणि 'कॉम्प्युटर्स' कंटेनरमध्येच ठेवलेत. तिथे ग्रुप पॉलिसी (अनेकांना एकदम लागणाऱ्या सेटिंग्ज) थेट जोडता येत नाही, म्हणून सगळं डोमेनच्या पातळीवर लावलंय. परवा हिशेब खात्यासाठी लावलेली स्क्रीन लॉकची पॉलिसी वेर्ण्याच्या मशीनवरच्या पीसींनाही लागली आणि एक अख्खी पाळी खोळंबली. फार वाईट वाटलं.

आता नीट ओयू करायचे आहेत. वेर्ण्याच्या हेल्पडेस्कला फक्त तिथल्या लोकांचे पासवर्ड रीसेट करू द्यायचे आहेत, त्यामुळे वर गाव आणि आत युजर, कॉम्प्युटर वेगळे, असं मला पटतं. पण एक युजर अकाउंट एकाच ओयूत राहतं, आणि आमची माणसं वेर्णे-पणजी सारखी बदलतात. मग अकाउंट्स दरवेळी हलवायची, की खात्यानुसारच्या पॉलिसी सिक्युरिटी ग्रुपने गाळायच्या, म्हणजे ठरावीक युजरच्या गटालाच लावायच्या?

नवे पीसी 'कॉम्प्युटर्स' कंटेनरऐवजी आपोआप एका ठरवलेल्या ओयूत पडावेत म्हणून 'रेडिरकॉम्प' (redircmp) कमांड चालवणार आहे. चालू डोमेनवर कोणी चालवलीय का? आधी काय तपासू?