अनुभव धागा: पाय मुरगळला, एक्स-रे काढायचा की नाही?

पाऊस सुरू झाला, टेकड्या निसरड्या झाल्या, आणि आमच्या सोसायटीत लंगडणारी मंडळी वाढली. एक्स-रे कशावरून ठरला, किंवा टळला, तेवढं जरूर लिहा. लेप-तेलाच्या पाककृती दुसऱ्या धाग्यावर.

गडकरी_नव्हे
सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना पाय आत वळला. घोटा टम्म, काळानिळा. डॉक्टरांनी सुजेकडे फारसं पाहिलंच नाही. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून मागच्या कडेने सहा सेंटिमीटर वरपर्यंत हाड दाबत गेले, मग आतला घोटा तसाच. हाडावर काही नाही, पुढच्या मऊ भागावर मात्र बोंबललो. "चार पावलं टाका." लंगडत टाकली. लंगडलं तरी चालतं म्हणे! क्रेप बँडेज बांधून घरी.

फिजिओ, कोथरूड
हे ओटावा नियम, म्हणजे एक्स-रे लागेल का ते ठरवायचे. कॅनडात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडले. पडल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबतात: बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाचा मागचा उंचवटा आणि आतल्या बाजूचं नाविक्युलर हाड. यातल्या कुठल्याही हाडावर दुखलं तरी एक्स-रे, पण म्हणजे मोडलंच असं नव्हे. बऱ्याच एक्स-रे फिल्म स्वच्छ निघतात. कुठेच दुखलं नाही आणि चालता आलं, तर मात्र फ्रॅक्चर क्वचितच निघतं.

पेठेतली
माझं उलटं. पीएमपी बसमधून उतरताना पाय वाकडा पडला. सूज नावालाच, लक्ष्मी रोडची खरेदी उरकून चालत घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "चालतेयस ना, मग काय झालंय?" पण त्या उंचवट्यावर बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी. तिथेच फ्रॅक्चर निघालं.

हडपसरकर
आईला जुना मधुमेह, पाय बधिर. दाबलं तरी "काही नाही रे" म्हणायची. डॉक्टरांनी दाबून पाहण्यावर भिस्त न ठेवता थेट फिल्म मागवली. घोट्याला तडा होता.

नवी_आई
लेक चार वर्षांची आहे, तिलाही हेच लागू?

फिजिओ, कोथरूड
इतक्या लहान मुलांना नाही. कुठे दुखतंय ते त्यांना नीट सांगता येत नाही, शिवाय हाडांची वाढ चालू असते. डॉक्टरांनाच दाखवा. दारू प्यायलेला, शुद्ध हरपलेला किंवा दुसरीकडे मोठी इजा झालेला माणूस, यांच्याही "दुखत नाही"वर जाऊ नये. पाऊल वाकडं दिसत असेल किंवा गार पडलं असेल, तर दाबत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.