दारू सोडून सात आठवडे झाले. संध्याकाळ कशी काढावी?

सत्तरीकर: नमस्कार. मी वाळपईजवळच्या एका गावात राहतो, वय 44. बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात राहून घरी आलो, त्याला आज सात आठवडे झाले आणि तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही. हात थरथरत नाहीत, जेवण जाते, झोपही बऱ्यापैकी लागते. अडचण आहे ती संध्याकाळची. साडेसहाला कामावरून सुटलो की गेली वीस वर्षे माझी पावले एकाच बारकडे वळत, आणि तिथे बसणारे चौघे हेच माझे मित्र. त्यांतला कोणी वाईट नाही. वडील वारले तेव्हा लाकडे आणण्यापासून बाराव्यापर्यंत तेच धावले होते. त्यांना टाळले तर बोलायला माणूस उरत नाही, आणि टाळले नाही तर काय होईल हे मला ठाऊक आहे. त्यात आता काजूच्या भाट्या पेटतील आणि वाड्यावर हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास सुटेल. डॉक्टरांनी ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मिटिंगला जायला सांगितले आहे, पण जवळची मिटिंग चर्चच्या सभागृहात भरते असे कळले. मी देवळात जाणारा माणूस. तिथे जाऊन काय बोलू? शिवाय गाव लहान आहे. कोणी पाहिले तर?

फोंड्याचा_प्रवासी: शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. वीस वर्षे तुम्हाला बारमध्ये शिरताना गावाने पाहिले आहे. सभागृहात शिरताना पाहिले तर गावाला नवे काय कळणार? चर्चचे म्हणाल, तर तिथली खोली संध्याकाळी मोकळी असते, एवढाच संबंध. आमच्या मिटिंगमध्ये कोकणी, मराठी आणि इंग्रजी अशी सरमिसळ चालते, ईश्वर ज्याला जसा उमगला तसा त्याने मानावा असे म्हटले जाते, फी नसते, आणि सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याच्या इच्छेखेरीज दुसरी अट नाही.

हे सारे सुरू कसे झाले ते पाहिले, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. 1935 साली बिल विल्सन नावाचा अमेरिकन शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ॲक्रन शहरात गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते, काम फसले होते, आणि हॉटेलात एका बाजूला बार दिसत होता. तिथून त्याने फोन लावायला सुरुवात केली, ती आपल्यासारखाच एखादा पिणारा गाठण्यासाठी, कारण दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहिलो तर आपण स्वतः वाचतो, हे त्याने अनुभवले होते. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि ए.ए. उभी राहिली. म्हणून तुम्ही मिटिंगला जाता तेव्हा केवळ याचक म्हणून जात नाही. तुमच्या येण्याने अकरा वर्षे सोबर असलेल्या माझ्यासारख्याचाही आजचा दिवस निभावतो.

माझ्या पहिल्या मिटिंगमध्ये कोण काय बोलले यातले मला काहीच आठवत नाही. चहा वाटणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदाच पाहिले आणि माझा पेला अर्धाच भरला, एवढे मात्र आठवते. हात थरथरणाऱ्याला भरलेला पेला देऊ नये, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. पुढे तेच माझे स्पॉन्सर, म्हणजे नव्याला सांभाळून नेणारे जुने सदस्य, झाले. तुम्ही पहिल्या दिवशी काही बोलू नका, नुसते बसा, आणि निघताना दोघांचे तरी फोन नंबर घ्या.

डिचोलीची_वहिनी: भाऊ, मी पिणाऱ्याची बायको म्हणून लिहिते. माझ्या यजमानांनी दारू सोडल्यावरही वर्षभर मी त्यांचा शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगत असे, आणि ते त्यांना कळत असे. घरातल्या माणसांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना 1951 पासून आहे. तिथे गेल्यावर माझी ती सवय सुटली, यजमानांच्या सांगण्याने सुटली नव्हती. तुमच्या घरातही कोणी असेच दारात ताटकळत असेल, तर संध्याकाळी कुठे जाता ते निघण्यापूर्वीच सांगत चला.

पेडणेकर: माझा अनुभव थोडा निराळा आहे. मला ए.ए. मानवली नाही, चारचौघांत आपली कहाणी सांगणे जमेना. मी गावच्या भजनी मंडळात जाऊन पखवाज शिकलो आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी त्यात गेल्या. मात्र एक सावधगिरी सांगतो. जत्रेच्या रात्री भजन आटोपल्यावर देवळामागे बाटली निघाली, आणि मंडळातल्या एकालाही माझी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पहिला पेला प्रेमाने माझ्याच पुढे आला. त्या रात्री घसरलो. दुसऱ्या दिवशी बुवांना सगळे सांगितले. तेव्हापासून जत्रेला ते मला आपल्या शेजारी बसवतात. संगत कसलीही असो, त्यातल्या एका तरी माणसाला खरे माहीत असले पाहिजे.

आरोग्यकेंद्रातली_परिचारिका: हा धागा इतरही वाचतील, म्हणून दोन गोष्टी लिहिते. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. दुसरे, दारू सोडवण्याची गोळी चोरून जेवणात मिसळणे धोक्याचे आहे, कारण त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. सत्तरीकर, डॉक्टरांनी दिलेले औषध आणि मिटिंग यांत निवड करण्याची गरज नाही. दोन्ही चालू ठेवा. ए.ए.विषयीचे 27 अभ्यास एकत्र तपासणारा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेचा आढावा 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए.कडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

सत्तरीकर: सर्वांचे आभार. गुरुवारी जाऊन आलो. बोललो नाही, नंबर घेतले. शनिवारी सव्वासातला त्या चौघांचा बोलावण्याचा फोन येऊन गेला. तो उचलला नाही आणि मिटिंगमधल्या एकाला फोन लावला. दारूचा विषयच निघाला नाही. त्याच्या विहिरीचा पंप बिघडला होता, त्यावरच आम्ही अर्धा तास बोललो. फोन ठेवला तेव्हा घरात ताटे वाढली होती. त्या चौघांना काय सांगायचे ते अजून ठरत नाही. वहिनी, पत्नीला तुमचा मजकूर वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला. आता प्रश्न परतीच्या बसचा आहे. मिटिंग सुटल्यावर वाळपईला येणारे कोणी इथे असल्यास कृपया कळवावे.