सराव पाठात पाणी चढलं, विज्ञान मात्र बुडालं

काचपात्र:
गेल्या आठवड्यात माझ्या सातवीच्या वर्गावर एका छात्राध्यापकाचा सराव पाठ झाला. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझली, पाणी ग्लासात चढलं, पोरं खूश. मग स्पष्टीकरण: "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एकपंचमांश, म्हणून पाणीही तेवढंच चढलं." निरीक्षकांनी प्रस्तावना, फळालेखन, आवाजातले चढउतार यांना भरभरून गुण दिले. सांगितलेलं विज्ञान बरोबर होतं की नाही, यासाठी गुणतक्त्यात रकानाच नव्हता.

ज्योत विझते तेव्हा ग्लासात १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरलेला असतो. जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. तापलेली हवा फुगते, थोडी कडेने बुडबुड्यांतून निसटते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते, आणि मुख्यतः म्हणून पाणी चढतं. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर जाईल. ऑक्सिजन काय तिप्पट झाला?

माझं म्हणणं सरळ आहे. विज्ञानशिक्षक व्हायला निघालेल्यांचा निम्मा वेळ शालेय विज्ञानच पुन्हा, स्वतःच्या हाताने करून बघण्यात जावा. अध्यापनाची तंत्रं नंतर.

टाचणपीडित:
+१. सध्या याच चक्कीत आहे. एका पाठाचं टाचण चार पानं. ते लिहून, तक्ते रंगवून झाल्यावर प्रयोग आधी करून बघायला वेळ कुठे उरतो? आमच्यातले बरेच जण तो पहिल्यांदा वर्गातच करतात, मनातल्या मनात देवाचा धावा करत.

मागचा बाक:
साफ असहमत. मला पदवीला भौतिकशास्त्र शिकवणारे सर विषयात बाप माणूस होते. बोलायचे मात्र फळ्याशी. वर्षभरात आमच्याकडे वळून त्यांनी एक प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. विषय येणं आणि तो दुसऱ्याच्या डोक्यात उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

तंत्रं म्हणजे नुसती नाटकं नव्हेत. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात. भौतिकशास्त्राची दहा पुस्तकं वाचून हे कळतं का?

काचपात्र:
थांबला की तो! चांगला तीन सेकंद थांबला. मग चुकीचं उत्तर सांगितलं.

लाल शाई:
मी अशीच एक निरीक्षक. एका दिवसात कितीतरी पाठ बघायचे, त्यातले निम्मे माझ्या विषयाचे नसतात. माझा विषय भाषा आहे हो! मेणबत्तीचं ते एकपंचमांश चुकीचं आहे हे मलाही आत्ता इथेच कळलं.

पण विज्ञान बरोबर की चूक यासाठी गुणतक्त्यात रकाना आणणं मला धोक्याचं वाटतं. चुकीला गुण कापायला लागलात तर ही मुलं प्रयोग करणंच सोडतील, तक्ता टांगून वाचून दाखवतील. तक्त्यात चूक होत नाही. प्रयोग केला, निम्मं चुकीचं सांगितलं, तरी तो शिक्षक मला जास्त हवा आहे. सुधारता येतो.

दोलक:
"विषय पुन्हा शिका" एवढ्याने भागत नाही. फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांचा २०१३चा अमेरिकेतला अभ्यास बघा. त्यांनी शिक्षकांना मुलांचीच प्रश्नपत्रिका सोडवायला दिली आणि वर विचारलं, बहुतेक मुलं कोणतं चुकीचं उत्तर निवडतील? जिथे मुलांच्या मनात चुकीची समजूत घट्ट बसलेली होती, तिथे शिक्षकाला नुसतं बरोबर उत्तर येऊन मुलांना फारसा फायदा झाला नाही. चुकीचं उत्तरही ओळखू शकणाऱ्या शिक्षकांची मुलं जास्त शिकली.

ऋतूंचंच घ्या. "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते" असं मूल मनात धरूनच बसलेलं असतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, ऐन उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात. अक्ष कललेला आहे हे शिक्षकाला पाठ असेल; पण आधी मुलाची जुनी समजूत उकरून काढली नाही, तर मूल कललेला अक्ष परीक्षेपुरता लिहितं आणि घरी जाऊन "जवळ येते" असंच सांगतं.

काचपात्र:
हा मुद्दा लागला. आता कबूल करतो: एकपंचमांशवालं स्पष्टीकरण मीही आठ वर्षं देत होतो. विषयात पदव्युत्तर पदवी असून. एका मुलीने विचारलं, "ऑक्सिजन हळूहळू संपत होता, तर पाणी ज्योत विझल्यावर एकदम का चढलं?" तेव्हा मी तिला खाली बसायला सांगितलं होतं. त्या छात्राध्यापकावर चिडलो, त्यात थोडी ही चीड होती.

तरीही निम्म्या वेळाची मागणी मागे घेत नाही. कोणती समजूत चुकीची आहे हे ओळखायला विषय लागतोच.

मागचा बाक:
आणि तिला खाली न बसवायला तंत्र लागतं.

टाचणपीडित:
तुमचं चालू द्या. सोमवारी माझा हाच पाठ आहे. टाचणात काय लिहू?

दोलक:
आधी मुलांकडून अंदाज लिहून घे: तीन मेणबत्त्या लावल्यावर पाणी किती चढेल? मग लाव. कारण लगेच सांगू नकोस. "अपेक्षित उत्तर" हा रकाना रिकामा सोड.

लाल शाई:
रिकामा सोडलास तर गुण जातील, आधीच सांगून ठेवते.