'लाइट': शब्द एक की दोन?

'लाइट' या शब्दाचे अर्थ मोजायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी: इंग्रजीत हा एक शब्द नसून, उच्चार आणि लेखन सारखे झालेले दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि चांगले कोश त्यांची नोंदही वेगवेगळी करतात. उजेड या अर्थाचा 'लाइट' संस्कृतातल्या 'रुच्' म्हणजे प्रकाशणे या धातूच्या कुळातला आहे. हलका या अर्थाचा 'लाइट' मात्र आपल्या 'लघु'चा भाऊबंद आहे. फुप्फुसाला इंग्रजीत 'लंग' म्हणतात तेही याच दुसऱ्या कुळातले, कारण तो अवयव वजनाला हलका असतो.

ही फारकत ध्यानात नसली की घोटाळा होतो. मिरजेला 1927 मध्ये पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे नाव ऐकून विजेचा संबंध लावणे सहज शक्य आहे. परंतु 1897 मध्ये बार्शी आणि आजचे कुर्डुवाडी यांच्या दरम्यान सुरू झालेली ही गाडी वाफेच्या इंजिनावर धावत होती. दोन रुळांत अंतर अवघे 2 फूट 6 इंच, रूळ वजनाला कमी, एकूण बांधणीच हलकी आणि म्हणून कमी खर्चाची, एवढाच त्या 'लाइट'चा अर्थ.

रंगाच्या बाबतीत तर आपण मराठीतच चुकीच्या कुळात शिरलो आहोत. 'लाइट ब्लू'मधला 'लाइट' उजेडाचा आहे, वजनाचा नव्हे. तरीही कापडाच्या दुकानात 'हलका निळा' सर्रास ऐकू येते. 'फिकट निळा' हा आपला शब्द अधिक नेमका आहे आणि तो टिकावा, असे मला मनापासून वाटते. 'लाइट म्युझिक'ला 'सुगम संगीत' म्हणणाऱ्यांनी मात्र उत्तम भान राखले, कारण मराठीत 'हलके' म्हटले की प्रतीला कमी असा अर्थ लगेच चिकटतो.

याशिवाय मराठीने या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला आहे, तो म्हणजे वीजपुरवठा. इंग्रजी बोलणारा जिथे 'पॉवर' म्हणेल तिथे आपली 'लाइट' जाते आणि येते, तीही स्त्रीलिंगी होऊन, बहुधा 'वीज' या शब्दाच्या ओढीने. तासगाव, जत भागात "आज रातची लाइट हाय, दारं धराय जायचंय" (म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचे आहे) असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात दिवा नसून विहिरीवरची मोटर असते. घरात सिंगल फेजवर बल्ब जळत असतानाही मोटरीला लागणारा थ्री फेजचा पुरवठा बंद असेल तर तो "लाइट न्हाई" असेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काहीही विसंगत वाटत नाही. हा अर्थ इंग्रजी कोशात शोधून उपयोग नाही. मराठी कोशानेच तो लिंगासह स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे.