अनुभव धागा: बसनं, कमी खर्चात – हलशी, देगाव, सौंदत्ती आणि आसपासची जुनी देवळं

स्वतःची गाडी नाही म्हणून हलशी-देगाव बघायचं राहिलं, असं आपल्याकडं फार ऐकू येतं. ते मनाला लागतं. बाराव्या शतकातली ही कदंब राजघराण्याच्या काळातली देवळं बेळगावच्या माणसांनीच बघितली नाहीत तर कोण बघणार? बसनं गेला असाल तर इथं लिहा: कुठं बदललंत, किती पैसे गेले, परतीची गाडी मिळाली का. सुरुवात मी करतो.

बेळगावहून खानापूरला गाड्या भरपूर. तिथून नंदगडमार्गे हलशी चौदा-पंधरा किलोमीटर, पण गाड्या मोजक्या. पाट्या कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसतील तर सरळ मराठीत विचारा. मला एका मावशींनी विचारलं, "कुठं जाऊलास? हलशी? मग हीच की गाडी!" आणि शेजारी जागाही दिली.

भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका देवाकडं तोंड केलं की दुसऱ्याकडं पाठ होते. मी मंडपाच्या कडेला बसून दोन्हीकडं बघत राहिलो. पृथ्वीला उचलून धरलेला वराह अंधाराला डोळे सरावले की हळूहळू दिसायला लागतो, तेवढा वेळ त्याला द्यायलाच हवा. बाहेर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं शिखर, कदंब शिखर म्हणतात ते हेच. हे गाव म्हणजे जुनी पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. परतीच्या गाडीला तीन तास होते, म्हणून सुवर्णेश्वराचं देऊळही झालं. जाऊन-येऊन, चहा-नाश्ता धरून दोनशेच्या आत भागलं. येताना नंदगडला उतरून इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीचं दर्शन घेतलं.

शहापूरहून
मी आणि कोल्हापूरची माझी नणंद देगावला गेलो. आधी धारवाडच्या बाजूची गाडी धरून कित्तूर, पुढं रिक्षा. कमलनारायण मंदिर राणी कमलादेवीचं. तिचा नवरा शिवचित्त पेर्माडी, गोव्याचा कदंब राजा. शिल्पकाराचं नावही आपल्याला माहीत आहे, तिप्पोज. तीन गाभारे एका ओळीत, आणि देवाच्या नावात राणीचं नाव. आम्ही दोघी त्यावर खूप वेळ बोलत होतो.

तिकिटाचं मात्र नीट समजून घ्या. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसला पैसे पडत नाहीत, झिरो तिकीट मिळतं. पण ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. माझं फुकट झालं, तिला पूर्ण पैसे पडले. आणि ती कोल्हापूरहून एसटीनं आली तेव्हा तिकडची महिलांची अर्धी सवलत हद्दीपर्यंतच होती. एकाच घरातल्या दोन बायका, एकच देव, तिकिटं दोन तऱ्हेची. मला ते बरं वाटलं नाही. रिक्षाचे पैसे मीच दिले.

निपाणीहून
सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या जातं. पूर्वी बैलगाडीनं, आता बसनं. मार्गशीर्ष पौर्णिमेला जादा गाड्या असतात, पण उभं राहायलाही जागा नसते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पौर्णिमा टाळून साध्या दिवशी जा. शिदोरी घरूनच न्या. भाकरी आणि खर्डा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो, आणि डोंगरावर बसून खाल्लेल्या त्या भाकरीची चव मला अजून घरात सापडलेली नाही. "उदो गं आई उदो" बसमध्येच सुरू होतं. कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, सगळे एका सुरात. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर तणाव असला की हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं गाड्या अडकतात. निघण्याआधी चौकशी करा.

गोकाकहून
धबधब्याजवळचं महालिंगेश्वराचं देऊळ पावसाळ्यात बघा. घटप्रभा खाली कोसळत असते, बोललेलं ऐकू येत नाही.

अनगोळहून
हलशीबद्दल एक सांगायचं राहू नये. मी रविवारी गेले. उतरताना कंडक्टरनी दुपारची गाडी सांगितली होती, पण ती शाळेच्या पोरांसाठी सोडलेली, रविवारी येतच नव्हती. दोन तास वाट बघितली. मग देवळाजवळच्या एका आजोबांनी दुधाच्या टेम्पोवाल्याला हाक मारली आणि मी नंदगडपर्यंत आले. पैसे घ्यायला तो काही केल्या तयार होईना. म्हणून सांगते, रविवार असेल तर खानापूर स्टँडवरच्या कंट्रोलरला "परतीची गाडी आज आहे का?" असंच विचारा, "किती वाजता आहे?" असं नको.