मेलन बटरफ्लाय मासा अकरा दिवस उपाशी आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात राहते. चार वर्षांपासून घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यातला एक मासा अकरा दिवसांपासून काहीही खात नाहीये. प्रवाळ खाणारे बटरफ्लाय मासे ज्यांनी जगवलेत त्यांनी कृपया लिहा. ज्यांचे जगले नाहीत त्यांनीही लिहा, कुठे काय चुकलं ते कळलं तरी मला उपयोग होईल.

मला ऑरिगा बटरफ्लाय हवा होता. दुकानात त्याच टाकीत आणखी एक बटरफ्लाय होता, साधारण आठ सेंटिमीटरचा. पिवळसर अंगावर जांभळट-निळ्या बारीक आडव्या रेघा आणि डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा. "दोन्ही सगळं खातात" असं सांगण्यात आलं आणि मी दोन्ही घेतले. तो खाताना मला दाखवा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, ही माझी चूक.

घरी आल्यावर ओळख पटली. हा मेलन बटरफ्लाय, कीटोडॉन ट्रायफॅशिएटस. पॅसिफिकमधला लुन्युलेटस हुबेहूब असाच दिसतो, पण त्याच्या शेपटीच्या बुडाशी नारिंगी रंग नसतो. माझ्याकडच्याला तो आहे, म्हणजे हा आपल्या बाजूच्या, हिंदी महासागरातला. लक्षद्वीप-मालदीवच्या खडकांवर हे मासे जोडीजोडीने फिरतात आणि दिवसभर प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे प्रवाळ ज्यांचा बनतो ते चिमुकले जीव, टिपत असतात. त्यांचं खाणं जवळजवळ तेवढंच. ऑरिगा किडे, कोळंबीची पिल्लं, शेवाळ असं काहीही चालवून घेतो, म्हणून तो आल्या दिवसापासून खातोय. एकाच वंशातले दोन मासे आणि एवढा फरक, हे मला आधी माहीत नव्हतं.

टाकी ४ × २ × २ फूट, म्हणजे साधारण ४५० लिटर. चिलर २६ अंशांवर, घनता १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०च्या आसपास. दगड सगळे कृत्रिम. सोबत दोन क्लाउनफिश, ऑरिगा आणि एक पावडर ब्लू टँग. टँग याला अधूनमधून हाकलतो.

आतापर्यंत गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) देऊन पाहिले. मासा जवळ येतो, तिरका होऊन एका डोळ्याने बघतो आणि वळतो. तिसऱ्या दिवशी जिवंत आर्टेमिया (तसेच, पण आणखी बारीक जीव) दिला, तेव्हा दोन-तीन तोंडात घेऊन बाहेर टाकले. लसणाच्या रसात भिजवलेलं खाणं, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), दाणे, कशाकडेही बघत नाही. पण दगडांवर मात्र दिवसभर टिपत असतो. त्या टिपण्यातून त्याला काय मिळत असेल? पोट खपाटीला गेलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. प्रवाळ मिळवून देण्याचा सल्ला देऊ नका. आपल्याकडे २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. "ओळखीतून मिळतं" हे मलाही ऐकू आलंय. एक मासा वाचवायला मी खडकावरून तोडलेला प्रवाळ घरात आणणार नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. असे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले की त्यांच्यावरच जगणारे बटरफ्लायही त्या भागातून कमी होत जातात. आजूबाजूला अख्खा समुद्र असतो, त्यात खायला इतकं काही असतं, तरी त्यांना ते जमत नाही. मग माझ्या टाकीत हा मायसिस का स्वीकारेल? की टाकीत खरंच सवय लावता येते? किती दिवस वाट बघायची? आणि वेगळ्या टाकीत हलवू की इथेच राहू दे?

प्रतिसाद १

ताई, एवढा जीव तुटत असेल तर मालवणला नेऊन समुद्रात सोडून द्या. तिथे प्रवाळ आहेत. त्याचं नशीब त्याच्याजवळ.

प्रतिसाद २

आधी वरच्या सल्ल्याबद्दल. कृपया सोडू नका. हा मासा कुठून कुठून, किती टाक्यांमधून फिरून तुमच्याकडे आलाय ते आपल्याला ठाऊक नाही. वाटेत त्याला कोणते परजीवी चिकटले असतील तेही नाही. मालवणचे प्रवाळ आधीच कमी आहेत, तिथे बाहेरचा रोग नेण्याची जोखीम घ्यायची नाही.

मी म्युनिकला असतो. इथे टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे छंदी लोक एकमेकांना देतात, त्यामुळे मला जी सोय आहे ती तुम्हाला नाही. ते धरूनच सांगतो. मी दोन मेलन पाळले. पहिला चोविसाव्या दिवशी गेला. दुसरा तिसरं वर्ष काढतोय, मायसिस खातो, पण महिनाभर प्रवाळाचा तुकडा मिळाला नाही तर बारीक होतो. खोटी आशा दाखवत नाही. पण तुमचा मासा दगडांवर टिपतोय हे चांगलं लक्षण आहे. ज्याने आशा सोडलेली असते तो कोपऱ्यात तरंगत राहतो.

त्याला पाण्यात तरंगणारं खाणं हे खाणं वाटतच नाही. त्याच्या लेखी खाणं दगडाला चिकटलेलं असतं. कीटोडॉन या वंशाच्या नावाचा अर्थच केसासारखे दात असा आहे, आणि तोंड आहे चिकटलेलं ओरबाडण्यासाठी. म्हणून खाणं दगडावर न्या. तुम्ही ठाण्यात आहात, मासळी बाजार हाताशी आहे. जिवंत तिसऱ्या (शिंपल्या) आणा, पण ठाण्याच्या खाडीतल्या नकोत, त्या पाण्यात काय काय मिसळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रत्नागिरीकडच्या मिळाल्या तर बघा. शिंपला उघडून, मांस एका बाजूला चिकटलेलंच ठेवून, तो जिथे रोज टिपतो त्याच दगडाच्या फटीत घट्ट बसवा. हलता कामा नये. दोन तासांनी काढून घ्या, नाहीतर अमोनिया वाढेल. पहिल्या दिवशी बहुधा फक्त क्लाउन खातील. खाऊ द्या. त्यांना खाताना बघणं हाच त्याचा धडा.

शिंपल्याला तोंड लावलं की पुढची पायरी. तिसऱ्या, करंदी, थोडी गाबोळी आणि भिजवलेली नोरी वाटून अगर-अगरमध्ये घट्ट करा आणि खरखरीत दगडाच्या भोकांमध्ये दाबून बसवा. गाबोळीचे दाणे टिपायला बरोबर आकाराचे असतात. इथे मी लॉबस्टरची अंडी वापरतो, तत्त्व तेच. मग हळूहळू त्या वाटणात मायसिसचं प्रमाण वाढवत न्या. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, कारण त्याचं पोट एकदम भरून घेण्यासाठी बनलेलं नाही. एक सांभाळा. शिंपल्यांमध्ये ब१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असू शकतं, त्यामुळे महिनोन्‌महिने नुसत्या तिसऱ्यांवर ठेवू नका आणि वाटणात जीवनसत्त्वाचे थेंब घाला.

ओळखीत कोणाच्या टाकीत ऐप्टेशिया (दगडांवर तणासारखं वाढणारं छोटं समुद्रफूल) माजली असेल तर तो दगड मागून आणा. लोकांना ती नकोच असते. माझ्या दुसऱ्या माशाने पहिला घास ऐप्टेशियाचाच घेतला होता.

टँगचं म्हणाल तर त्यालाच बाहेर काढा. आपण नेहमी दुबळ्या माशाला वेगळ्या टाकीत हलवतो आणि त्या हलवण्यानेच तो आणखी खचतो. ऑरिगाला मात्र याच्याजवळ राहू द्या. तो खातो, हा बघेल.

औषधं आत्ता नकोत. तांब्याचं औषध भूक मारतं, उपाशी माशाला ते अजिबात नको. अंग घासत असेल किंवा श्वास जोरात चालत असेल तर कल्ल्यांमध्ये जंत असू शकतात. तसं असेल तर कळवा, मग गोड्या पाण्याच्या पाच मिनिटांच्या बुडवणीबद्दल लिहितो. त्या पाण्याचं तापमान आणि सामू (pH) टाकीइतकाच लागतो, म्हणून घाईत करू नका.

किती वाट बघायची, याला दिवसांचा आकडा नाही. समोरून बघा. डोळ्यांच्या वर, पाठ जिथे सुरू होते तिथे खळगी दिसू लागली, म्हणजे पाठीचे स्नायू झिजू लागले. तिथून परत येणारे मी फार कमी पाहिलेत. नुसतं पोट आत गेलं असेल तर अजून वेळ आहे.

धागाकर्ती, पाच दिवसांनी

दादा, मनापासून आभार. डोक्यावर खळगी नाही, हे तुमचं वाचून आधी बॅटरी घेऊन बघितलं. टँग मैत्रिणीच्या टाकीत पाठवला. श्वास ठीक आहे, अंग घासत नाही. मालवणचा सल्ला देणाऱ्यांनी चांगल्या मनानेच लिहिलंय, पण सोडणार नाही.

पहिले दोन दिवस तुम्ही म्हणालात तसंच झालं, सगळं क्लाउन आणि ऑरिगाच्या पोटात गेलं. तिसऱ्या दिवशी ऑरिगा शिंपल्यात तोंड खुपसून ओढत होता, हा एक वीतभर अंतरावर थांबून बघत होता. ऑरिगा गेल्यावर आला. शिंपल्याच्या कडेला एकदा टिपलं, मागे सरला. परत टिपलं. मी श्वास धरून बसले होते. काल सकाळी त्याने कडेच्या मांसाचा तुकडा ओढून गिळला, बाहेर टाकला नाही. आज चार शिंपल्यांवर मिळून किती वेळा तोंड लावलं ते मोजत होते, तीसच्या पुढे सोडून दिलं. मांस फारसं कमी झालेलं दिसत नाही, पण दुपारी शेपटीखाली विष्ठेचा बारीक धागा दिसला. मी त्याला इथे आणल्यापासून पहिल्यांदा.

गाबोळीचं वाटण उद्या करते. ऐप्टेशियासाठी दोघांना विचारलंय, एकाने दगड देतो म्हणून सांगितलंय.

आता दोन प्रश्न. आमच्या बाजारात पावसात तिसऱ्या नीट मिळत नाहीत. आत्ताच उघडून शिंपल्यासकट गोठवून ठेवल्या तर चालतील का, की ताज्याचा वास गेला की हा परत नाकारेल? आणि कोणाकडे प्रवाळाशिवाय मेलन वर्षभराच्या पुढे जगला आहे का? एक जरी असेल तर तो नेमकं काय खायचा, ते सविस्तर लिहा.